दुसरी किल्ली कोणाच्या हाती?

बँकेच्या लॉकरची रीत आपल्या घरांतून सर्वांच्याच परिचयाची आहे. एक किल्ली बँकेकडे असते, दुसरी आपल्याकडे. दोन्ही लागल्याखेरीज दार उघडत नाही. आपली किल्ली हरवली, तरी ती सापडणाऱ्याच्या हाती लॉकर पडत नाही. जुन्या पेढ्यांतही दुकानाच्या कुलपाची किल्ली मुनीमजींकडे आणि तिजोरीची शेठजींकडे, अशी वाटणी असे. त्यात मुनीमजींचा अपमान आहे, असे कोणास कधी वाटले नाही. उलट सकाळी हिशेबात काही कमी आढळले, तर त्यांच्याकडे बोट दाखवले जाणार नाही, याची ती हमीच होती.

आज या तिजोरीतील बहुतेक ऐवज खिशातल्या फोनमध्ये आला आहे. ठाण्यात जांभळी नाक्यावरची धान्याची पेढी असो, कल्याणच्या बाजार समितीतला गाळा असो, डोंबिवलीच्या फडके रोडवरचे दुकान असो की भिवंडीचे गोदाम असो. बँकेचे चालू खाते, जीएसटी, ई-वे बिल, आयकर, डीमॅट, ई-मेल, एवढेच काय, ग्राहकांशी होणारी सारी बोलणीही एका यंत्रात सामावली आहेत. या नव्या तिजोरीलाही दोन किल्ल्यांची रीत आहे. तिला द्विस्तरीय पडताळणी म्हणतात. ती रीत आपण स्वीकारली आहे खरी. परंतु दोन किल्ल्या दोन हाती ठेवण्याचा जुना शिरस्ता मात्र वाटेत कोठेतरी सुटला आहे. या लेखात त्याचाच विचार करू.

दोन स्तर म्हणजे काय?

माणसाची ओळख पटवण्याचे मार्ग तीन. पहिला, त्याला काय ठाऊक आहे, म्हणजे पासवर्ड किंवा पिन. दुसरा, त्याच्याजवळ काय आहे, म्हणजे फोन, सिमकार्ड, एटीएम कार्ड किंवा डिजिटल स्वाक्षरीचे यूएसबी टोकन. तिसरा, तो स्वतः कोण आहे, म्हणजे बोटाचा ठसा किंवा चेहरा. यांपैकी दोन निरनिराळ्या मार्गांनी ओळख पटवणे म्हणजे द्विस्तरीय पडताळणी. येथे ‘निरनिराळ्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे. दोन पासवर्ड विचारले, तरी स्तर एकच राहतो. कारण ज्या वहीत पहिला लिहिलेला असतो, त्याच वहीत दुसराही असतो.

ही सक्ती आपल्याकडे पुष्कळ आधी आली. इंटरनेटवरून कार्डाने पैसे देताना कार्डावर छापलेल्या माहितीपलीकडे आणखी एक पडताळणी हवी, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑगस्ट २००९ पासून लागू झाला. यूपीआयमध्ये नोंदलेला फोन व सिम ही पहिली किल्ली आणि आपला पिन ही दुसरी. शेअर दलालांच्या अ‍ॅपमध्ये प्रवेश करण्यासाठी ३० सप्टेंबर २०२२ पर्यंत दोन स्तर बंधनकारक झाले. ई-वे बिल आणि ई-इन्व्हॉइसच्या पोर्टलांवर ही सक्ती १ जानेवारी २०२५ पासून वीस कोटींवरील उलाढालीच्या, १ फेब्रुवारीपासून पाच कोटींवरील आणि १ एप्रिल २०२५ पासून सर्वच व्यापाऱ्यांना लागू झाली. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेले डिजिटल पडताळणीचे नवे निर्देश १ एप्रिल २०२६ पासून अमलात येतील, असे ठरवले. त्यांनुसार ओटीपीबरोबरच पडताळणीच्या इतर साधनांनाही वाव आहे.

म्हणजे दुसरे कुलूप बसवावे की नाही, हा निर्णय पुष्कळ ठिकाणी आपल्या हाती उरलेलाच नाही. आपल्या हाती एवढेच आहे, की त्याची किल्ली कोठे ठेवायची.

पेढीवरचे चित्र

बहुतेक पेढ्यांत एक जुना मोबाइल क्रमांक असतो. तो दुकानाच्या पाटीवर आणि बिलबुकावर छापलेला असतो. तोच क्रमांक बँकेत, जीएसटीत, डीमॅटमध्ये आणि ई-मेलला जोडलेला असतो. तो फोन गल्ल्यावर पडून असतो आणि त्याचा पिन दुकानातल्या सर्वांना ठाऊक असतो. आतल्या खोलीतून हाक येते, ‘‘शेठजी, ओटीपी आला का?’’ आणि गिऱ्हाइकांच्या देखत सहा अंक मोठ्याने वाचून दाखवले जातात. सीएंच्या कार्यालयातून फोन आला, की तसेच घडते. शेठजी गावी गेलेले असतील, तर ओटीपी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर येतो आणि तेथून ज्याला हवा तो उचलतो.

यात दोष कोणाच्याही नियतीचा नाही. एकत्र कुटुंबात आणि एकत्र धंद्यात विश्वासावर काम चालते, चालायलाही हवे. तथापि या सोयीपायी दोन किल्ल्यांची पुन्हा एकच किल्ली होते, आणि ती दारातच टांगलेली राहते. ओटीपी मोठ्याने वाचून दाखवण्याची ज्या पेढीला सवय जडली, तेथे उद्या बँकेचा अधिकारी म्हणवणाऱ्या अनोळखी आवाजालाही तो सहज वाचून दाखवला जातो. फसवणाऱ्याला ती सवय लावावी लागत नाही. आपणच ती आधी लावून ठेवलेली असते.

दुसरी किल्ली चोरीस जाते कशी?

डिसेंबर २०१८ च्या अखेरीस मुंबईत माहीमच्या एका कापड व्यावसायिकाच्या फोनवर मध्यरात्रीच्या सुमारास सहा मिस्ड कॉल येऊन गेले. पाठोपाठ फोन बंद पडला. त्यांच्या क्रमांकाचे नवे सिम परस्पर काढले गेले होते. २८ व्यवहारांतून १४ खात्यांत १ कोटी ८६ लाख रुपये वळते झाले. त्यांतले वीस लाखांच्या आसपास बँकेला परत मिळवता आले. नुसते सिम हाती आल्याने खाते उघडत नाही. चोरांकडे खात्याची पहिली किल्ली आधीच पोहोचलेली असावी लागते. हल्ली नियम कडक झाले आहेत. सिम बदलल्यावर पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत नाहीत. १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यानंतर सात दिवस तो क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. हे २४ तास आपल्यासाठी राखलेले आहेत. शेजाऱ्याच्या फोनला रेंज असताना आपलाच फोन अचानक मुका झाला, तर ‘उद्या पाहू’ म्हणू नये. दुसऱ्या फोनवरून तत्काळ मोबाइल कंपनीला आणि बँकेला कळवावे.

दुसरा मार्ग आपल्या रोजच्या प्रवासातला आहे. लोकलच्या दारात उभ्या असलेल्या प्रवाशाच्या हातावर फटका मारून फोन पळवणाऱ्या टोळ्या ठाणे-कल्याण मार्गावरील प्रवाशांना नव्या नाहीत. आपला समज असतो, की फोनला कुलूप आहे, म्हणून चिंता नाही. परंतु सिमकार्ड बाहेर काढून दुसऱ्या फोनमध्ये घातले, की आपले ओटीपी तिकडे येऊ लागतात. यावर उपाय म्हणजे सिमला स्वतंत्र पिन लावणे. ही सोय फोनच्या सुरक्षा-सेटिंगमध्ये असते. मूळ पिन मोबाइल कंपनीकडून विचारून घ्यावा, अंदाजाने घालू नये. तीनदा चुकल्यास सिम अडते आणि पीयूके क्रमांक मागते. त्याचबरोबर कुलूपबंद पडद्यावर संदेशाचा मजकूर दिसणार नाही, अशी व्यवस्थाही करावी. नाहीतर फोन न उघडताच ओटीपी वाचता येतो.

तिसरा मार्ग लग्नसराईतला. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका म्हणून एक फाइल येते. नाव पत्रिकेचे, परंतु शेवटी ‘एपीके’ ही अक्षरे असतात. ती उघडून परवानगी दिली, की फोनमध्ये एक अ‍ॅप बसते आणि आपल्याला येणारे संदेश तिसऱ्याच ठिकाणी वाचले जातात. वाहतूक दंडाच्या पावतीच्या नावानेही अशाच फाइली फिरतात. पत्रिका छायाचित्र किंवा पीडीएफ स्वरूपात येते; तिला फोनमध्ये बसवावे लागत नाही, एवढी खूण घरातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी.

चौथा मार्ग सर्वांत जुना, आणि तो आवाजाचा. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले. सातशेहून अधिक जणांना ताब्यात घेण्यात आले आणि सुमारे सत्तर जणांना अटक झाली. आपल्या शेजारच्या गावात बसलेली ही मुले हजारो मैलांवरील अमेरिकी नागरिकांना करखात्याचे अधिकारी म्हणून फोन करीत, अटकेची भीती घालीत आणि भेट-कार्डे विकत घ्यायला लावून त्यांवरील क्रमांक फोनवरच वाचून घेत. यात कोणतेही कुलूप फोडलेले नव्हते. घाबरलेल्या माणसाने ते स्वतःच्या हाताने उघडून दिले होते. आज त्याच तऱ्हेचे फोन आपल्या घरी येतात. भेट-कार्डाच्या क्रमांकाऐवजी ओटीपी मागितला जातो, एवढाच फरक. म्हणून एक वाक्य घरातल्या मुलांपासून वृद्धांपर्यंत सर्वांनी पाठ करावे: फोनवर ओटीपी विचारणारा माणूस कोणीही असो, त्याला तो सांगायचा नाही. तसेच यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो. पैसे मिळवण्यासाठी तो कधीच लागत नाही.

अधिक चांगली किल्ली

एसएमएसने येणाऱ्या ओटीपीची किल्ली सिमकार्डाशी बांधलेली असते. सिम गेले, की किल्ली गेली. म्हणून जेथे सोय असेल, तेथे ‘ऑथेंटिकेटर’ अ‍ॅप वापरावे. त्याचे काम समजायला सोपे आहे. प्रथम जोडताना क्यूआर चौकोनातून एक गुप्त संख्या आपल्या फोनमध्ये उतरते. तीच संख्या समोरच्या संगणकाकडेही असते. पुढे दोघेही ती गुप्त संख्या आणि घड्याळातली वेळ यांचे एकच गणित मांडतात आणि दर तीस सेकंदांनी सहा अंकी उत्तर काढतात. उत्तरे जुळली, की दार उघडते. अंक कोठूनही ‘येत’ नाहीत. त्यामुळे आपले सिम दुसऱ्याने काढले, तरी त्याच्या हाती काही लागत नाही.

व्यापाऱ्यांसाठी याचे जवळचे उदाहरण म्हणजे ई-वे बिलाच्या पोर्टलावरचे ‘एनआयसी-जीएसटी-शील्ड’ हे अ‍ॅप. त्यातला ओटीपी दर तीस सेकंदांनी बदलतो आणि त्यासाठी इंटरनेट लागत नाही. भिवंडीच्या गोदामात रेंज नसताना ट्रक खोळंबून राहण्याची वेळ ज्यांच्यावर येते, त्यांना याचा उपयोग वेगळा सांगायला नको. अ‍ॅप मात्र त्या शासकीय पोर्टलावरूनच घ्यावे, आणि फोनमधील वेळ बरोबर असावी. घड्याळ चुकले, तर गणितही चुकते.

याहून पुढची पायरी ‘पासकी’ची. तीत फोन आपला ठसा किंवा चेहरा ओळखतो आणि ज्या संकेतस्थळासाठी ती किल्ली घडवली, त्यालाच उत्तर देतो. हुबेहूब दिसणाऱ्या बनावट पानाला ती उत्तर देत नाही. माणसाच्या डोळ्यांना फसवता येते, तसे तिला फसवता येत नाही. गूगलच्या खात्याला ही सोय आज उपलब्ध आहे.

पेढीची नवी घडी

आता कामाची गोष्ट. सर्व काही एका दिवसात बदलण्याची आवश्यकता नाही. परंतु क्रम ठरवावा.

सर्वप्रथम ई-मेल. इतर सर्व ठिकाणचा पासवर्ड विसरला, की नवा पासवर्ड ठरवण्याचा दुवा ई-मेलवर येतो. म्हणून ई-मेल ही सर्व किल्ल्यांची जुडी आहे. तिला दुसरा स्तर लावावा. त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅप. त्यातील ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ चालू करून सहा अंकी पिन ठरवावा. म्हणजे कोणी आपला नोंदणी-ओटीपी मिळवला, तरी पिनवाचून त्याला आपल्या नावाने नातलगांकडे पैसे मागता येणार नाहीत. तिसरे, बँकेला जोडलेला क्रमांक दुकानाच्या पाटीवरील क्रमांकाहून वेगळा असावा आणि तो फोन गल्ल्यावर ठेवू नये.

चौथी गोष्ट सर्वांत मोलाची: प्रत्येकाला स्वतःची किल्ली. ई-वे बिलाच्या पोर्टलावर एकाच जीएसटी क्रमांकाखाली उपवापरकर्ते नेमता येतात आणि प्रत्येकाची पडताळणी त्याच्या स्वतःच्या नोंदलेल्या मोबाइल क्रमांकावर होते. अनेक बँकांच्या व्यावसायिक खात्यांतही एकाने व्यवहार भरायचा आणि दुसऱ्याने मंजूर करायचा, अशी सोय असते. आपल्या बँकेच्या शाखेत तिची चौकशी करावी. गोदामावरच्या माणसाने बिल काढावे, मुनीमजींनी व्यवहार भरावा, शेठजींनी किंवा सूनबाईंनी मंजूर करावा. मग कोणी कोणाला ओटीपी विचारण्याचे कारणच उरत नाही.

‘‘इतकी वर्षे मुनीमजी घरचेच आहेत, त्यांच्यावर अविश्वास कसा दाखवायचा?’’ असा प्रश्न येथे हमखास निघतो. उत्तर लेखाच्या आरंभीच्या शिरस्त्यात आहे. एकाच पासवर्डाने पाच जण काम करतात आणि एके दिवशी रक्कम जाते, तेव्हा संशय त्या पाचही जणांवर येतो. चोर बाहेरचा असला, तरी घरच्या माणसाला महिनोन् महिने मान खाली घालून वावरावे लागते, आणि कधी कधी तो संशय पुढे कधीच फिटत नाही. पैसा पुन्हा मिळवता येतो. वीस वर्षांच्या सेवेवर पडलेला डाग पुसता येत नाही. प्रत्येकाची नोंद वेगळी असली, की निर्दोष माणूस त्याच नोंदीने निर्दोष ठरतो. वेगळी किल्ली देणे हा त्या माणसाच्या अब्रूचा विमा आहे.

डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनालाही हेच लागू. पुष्कळांचे टोकन सीएंच्या कार्यालयातील खणात असते आणि पिन त्यालाच चिकटवलेला असतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४२ नुसार स्वाक्षरीची गुप्त किल्ली आपल्या ताब्यात राहील याची काळजी घेणे, ही स्वाक्षरीधारकाची जबाबदारी आहे. कोऱ्या धनादेशावर सही करून तो दुसऱ्याच्या खणात आपण ठेवणार नाही. टोकनही ठेवू नये.

घरातील वृद्ध आणि बंद पडलेला क्रमांक

दुसऱ्या किल्लीचा आणखी एक पैलू क्वचितच बोलला जातो. ती चोराला अडवते, तशी प्रसंगी वारसालाही अडवते. घरातील कर्ते पुरुष अचानक आजारी पडतात किंवा जातात. फोन बंद, पिन कोणाला ठाऊक नाही, आणि ई-मेलपासून जीएसटीपर्यंत सर्व दारे त्याच क्रमांकावर विसंबलेली. दुःखाच्या दिवसांत मुलगा किंवा पत्नी एकेका कार्यालयाचे उंबरे झिजवीत राहते.

याउलट, गेलेल्या माणसाचा क्रमांक कोणी भरणा न केल्याने बंद पडतो आणि ठरावीक मुदतीनंतर, किमान ९० दिवसांनी, तो दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. बँकेत मात्र जुनीच नोंद राहिलेली असते. मग आपल्या खात्याचे संदेश एका सर्वस्वी अनोळखी माणसाकडे जाऊ लागतात.

म्हणून क्रमांक बंद होऊ देण्याआधी सर्व ठिकाणची नोंद बदलावी. खात्यांना नामनिर्देशन करावे. गूगलसारख्या सेवा एकदाच वापरता येणारे राखीव संकेतांक देतात. ते कागदावर लिहून, पाकीट बंद करून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावेत आणि ते तेथे आहे हे घरातील एका विश्वासू व्यक्तीस सांगून ठेवावे. ‘संचार साथी’ या केंद्र शासनाच्या पोर्टलावर आपल्या नावाने किती सिमकार्डे चालू आहेत, ते पाहता येते. त्यात अनोळखी क्रमांक आढळल्यास तेथेच कळवावे. वृद्ध आई-वडिलांच्या फोनसाठी ही तपासणी मुलांनी त्यांच्या शेजारी बसून, त्यांना समजावून करावी.

घात झालाच तर

सारी दक्षता घेऊनही प्रसंग ओढवला, तर लाजेपोटी गप्प बसू नये. फसवणुकीचा पैसा एका खात्यातून दुसऱ्यात वेगाने पुढे सरकतो, म्हणून प्रत्येक मिनिट मोलाचे असते. प्रथम १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा आणि त्याच वेळी बँकेला कळवून खाते रोखावे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा. ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत ठाणे, भिवंडी, कल्याण, डोंबिवली आणि उल्हासनगर येतात. हद्दीचा विचार करीत न बसता जवळच्या पोलीस ठाण्यात जावे.

रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिलेले नियमही ठाऊक असावेत. चूक ना बँकेची ना आपली, अशा वेळी सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवल्यास ग्राहकावर तोट्याचा भार पडत नाही. चार ते सात दिवसांत कळवल्यास भार मर्यादित राहतो. परंतु ओटीपी किंवा पिन आपणच दिलेला असेल, तर बँकेला कळवण्याच्या क्षणापर्यंतचा सारा तोटा आपला. कळवल्यानंतर होणारा तोटा बँकेचा. पुढे डिसेंबर २०१७ मध्ये हेच धोरण सहकारी बँकांनाही लागू झाले. म्हणजे चूक आपली असली, तरी लवकर कळवण्यात आपलेच हित आहे.

येत्या रविवारी घरातील सर्वांनी तासभर एकत्र बसावे आणि एका कागदावर तीन रकाने आखावेत: खाते कोणते, त्याला कोणता क्रमांक जोडला आहे, आणि त्याचा ओटीपी आज कोणाकोणाला वाचता येतो. तिसऱ्या रकान्यात जेथे एकाहून अधिक नावे येतील, तेथून कामाला आरंभ करावा. पासवर्ड मात्र या कागदावर लिहू नयेत.